पैसे घ्या, पण सहीच्या वर एक ओळ लिहा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: कालव्यासाठी वडिलांचं सव्वा एकर गेलं, गेल्या महिन्यात निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) झाला, विहीर असूनही जमीन जिरायत धरली आणि आंब्याची झाडं निम्मीच मोजली. मेहुणे म्हणतात, पैशाला हात लावू नका, पाच वर्षं गेली की संपादन आपोआप रद्द होतं. शेजारी म्हणतात, पैसे उचलले की विषय संपला. दोघंही चुकताहेत, पण मेहुण्यांचं ऐकलंत तर जास्त महागात पडेल.

पाच वर्षांची गोष्ट आली कुठून ते सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम २४(२) आहे. ते १८९४ च्या जुन्या कायद्याखाली रखडलेल्या प्रकरणांसाठी होतं. तुमचं संपादनच नव्या कायद्याखालचं, म्हणजे ते तुम्हाला लागूच नाही. आणि जुन्या प्रकरणांतही २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून टाकलं की ताबाही घेतला नाही आणि पैसेही दिले नाहीत, अशी दोन्ही परिस्थिती असेल तरच संपादन रद्द. सरकार देत असलेले पैसे स्वतःच नाकारून वर 'मला दिले नाहीत' म्हणता येत नाही.

तेव्हा पैसे घ्या. पण पावतीवर सही करताना वडिलांच्या हातानं लिहा: 'मोबदला मान्य नाही, वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, विरोध नोंदवून रक्कम स्वीकारली.' कारकून म्हणेल, छापील नमुन्यात अशी जागा नाही. समासात लिहा. तेही करू दिलं नाही तर त्याच दिवशी त्याच मजकुराचा अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. विरोध न नोंदवता रक्कम घेतली तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करण्याचा हक्क जातो, हे कलम ७७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पैसे घेण्याआधीच अर्ज टाकला असेल तर तो अर्ज म्हणजेच विरोध, असे निकाल आहेत, पण निकालांच्या भरवशावर राहायची गरज काय, एका ओळीत काम होतंय तर?

'कलम १८ चा अर्ज करा' असं कुणी सुचवलं असेल तर ते जुन्या कायद्यातलं. आता ६४. अर्ज द्यायचा जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात भूसंपादन अधिकाऱ्याकडे, आणि तो पुढे प्राधिकरणाकडे, म्हणजे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे पाठवतात. मुदत नीट मोजा. निवाडा जाहीर होताना तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर असेल तर तिथून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर आणखी वर्षभर उशीर माफ होऊ शकतो, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग. गेल्या महिन्यातला निवाडा म्हणजे तुमच्या हातात दिवस उरलेत, आठवडे नव्हे, असं समजून चाला.

आता खरी लढाई. आमची जमीन नव्वदच्या दशकात पाझर तलावात गेली. संयुक्त मोजणीच्या दिवशी वडील बाजाराला गेले होते. मोजणीवाल्यांनी बांधावरून फेरी मारली, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि पंचनाम्यात विहीर आलीच नाही. पंच आमच्याच भावकीतले, न वाचता सही करून मोकळे! पुढे अकरा वर्षं कोर्टात गेली आणि त्यातली निम्मी 'विहीर होती' हे सिद्ध करण्यात. उलटतपासणीत सरकारी वकिलाचा एकच प्रश्न: कागद काय? तोंडी साक्ष दहा जणांनी दिली, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, शेतीपंपाची जुनी वीजबिलं, जी आईनं पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. दुसरी, विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज घेतल्याचा बोजा, जो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लागलेला होता. म्हणून तुम्ही आजच तलाठ्याकडून मागच्या दहा-पंधरा वर्षांचे सातबारे काढा, पीक पाहणीसकट. ऊस किंवा फळबाग लागलेली असेल तर जिरायत म्हणणं अवघड जातं. निवाड्याची, संयुक्त मोजणीच्या पत्रकाची आणि झाडांच्या मूल्यांकनाची नक्कल मागा. झाडं अजून उभी असतील तर तारखेसकट फोटो काढा.

दराचं गणित बहुतेक जण उलटं करतात. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर हा शेवटचा शब्द नव्हे. कलम २६ प्रमाणे तो दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांचा सरासरी दर, यातला जास्तीचा धरायचा. सरासरीसुद्धा सगळ्या खतांची नाही: आधीच्या तीन वर्षांतली खतं घेऊन त्यातल्या वरच्या भावाच्या निम्म्या खतांची. दुय्यम निबंधकाकडे जाऊन ती खतं तुम्हीच शोधा. फक्त दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटचं खत आणून शेताला तोच भाव मागू नका, विकास खर्चापोटी मोठी वजावट करतात.

मग ग्रामीण भागाचा गुणांक, म्हणजे बाजारमूल्याला ज्यानं गुणायचं तो आकडा, कायद्यात १ ते २. राज्य सरकारने तो वेळोवेळी बदललाय, त्यामुळे तुमच्या अधिसूचनेच्या तारखेला कोणता लागू होता ते बघा. समजा बाजारमूल्य १० लाख आणि गुणांक २, तर २० लाख. विहीर, झाडं, पाइपलाइन ४ लाख, एकूण २४. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे ४८ लाख. बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्क्यांची वाढ वेगळी. यावरून दिसेल की पंचनाम्यात सुटलेला विहिरीचा एक रुपया तुम्हाला दोन रुपयांना पडतो. कालव्यानं शेताचे दोन तुकडे झाले असतील तर त्या नुकसानीचीही वेगळी मागणी करा, ही बहुतेक सगळे विसरतात.

राष्ट्रीय महामार्गात जमीन गेलेल्यांनी मात्र हे जसंच्या तसं लावू नये. तिथं १९५६ चा कायदा, आणि दर पटला नाही तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावं लागतं. दिलासा रक्कम आणि व्याज तिथं मिळतच नव्हतं, तो भेद २०१९ मध्ये तरसेम सिंग खटल्यात घटनाबाह्य ठरला.

वकिलानं मिळणाऱ्या रकमेत २० टक्के मागितल्याचं लिहिलंय. असा टक्केवारीचा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आमच्याकडे सर्रास चालतो हे मलाही माहीत आहे. तरीही फी आकड्यात ठरवा आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर वडिलांची सही देऊ नका.

तुमच्या चुलत्यांनी अर्जच केला नाही म्हणता, त्यांचीही वाट पूर्ण बंद नाही. त्याच अधिसूचनेतल्या कुणाला प्राधिकरणाने वाढवून दिलं तर त्या निर्णयापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तेवढाच दर त्यांना मागता येतो. जुन्या कायद्यातलं २८-अ ते हेच. गावात कुणाचा निकाल कधी लागतो यावर लक्ष ठेवायला मात्र सांगा, कारण ती तारीख कुणी घरी येऊन सांगत नाही.

शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही. सातबाऱ्यावर आत्यांची नावं आहेत का? असतील आणि त्यांनी हरकत घेतली, तर वाटणीचा वाद म्हणून पैसे प्राधिकरणाकडे जमा होतील आणि तिथंच पडून राहतील. उद्या भूसंपादन कार्यालयात जाण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.