जुन्या फ्लॅटचं बाथरूम आणि स्वयंपाकघर कंत्राटदार न लावता स्वतः करता येतं का? खर्च किती येतो?

येतं. मी केलंय. आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली ती मी स्वतः केलं म्हणून आली नव्हती, हेही या निमित्ताने लिहून टाकते. आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीला हा विषय निघतो.

कोथरूडमधली १९८४ सालची इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. २०१९ च्या मार्चमध्ये काम काढलं. माझे दीर सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या कंत्राटदाराचं ४ लाख ६० हजारांचं कोटेशन आणलं. मी म्हटलं, भाऊजी, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन रोजावर लावू, माल मी आणते, देखरेख मी करते. तर म्हणाले, "वहिनी, पोळ्या लाटण्याइतकं सोपं नसतं ते." त्यांना पोळ्या लाटता येत नाहीत हा भाग वेगळा.

ओट्यापासूनच भांडण सुरू झालं. जुना कडप्प्याचा ओटा ३० इंचांचा, सासूबाईंच्या मापाचा. त्या जेमतेम पाच फूट, मी पाच फूट सहा. बावीस वर्षं वाकून स्वयंपाक केला. भाऊजी म्हणे ३२ स्टँडर्ड असतं. कोणाचं स्टँडर्ड? ओट्यासमोर ताठ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, तिथून चार-पाच इंच खाली ओटा. माझा ३५ आला. ग्रॅनाइट बसवणारा कारागीर दोनदा विचारून गेला, "ताई, नक्की ३५?" नक्की. तेव्हापासून माझ्या कंबरेसाठी मलम आणलेलं नाही. कडप्प्याची हौस असेल तर ठेवा, पण लिंबू आणि चिंच त्याला खातात, डाग जात नाहीत. स्वयंपाकघराबद्दल एवढंच, बाकी तिथे फार काही चुकत नाही. चुकतं ते बाथरूममध्ये.

शहाबादी फरशी आणि तिच्याखालचा जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा मी आणि एका बिगाऱ्याने मिळून काढला. छिन्नी-हातोडा मी स्वतः चालवला आहे, फोटो आहेत. संक, म्हणजे बाथरूमच्या फरशीखाली स्लॅब खोल सोडलेली असते तो खड्डा, सव्वा फुटाचा, आतले विटांचे तुकडे भिजून काळे पडलेले. भिंतीतल्या अर्ध्या इंचाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात इतका गंज की आरपार पेन्सिल जाईना, आणि आम्ही वर्षानुवर्षं सोसायटीच्या टाकीला नावं ठेवत होतो. तो पाइप अर्धा ठेवून अर्धा बदलायच्या फंदात पडू नका. जुना एल्बो (कोपऱ्यातला वळणाचा तुकडा) फिरवला की आटे भिंतीतच तुटून राहतात. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी, असे प्लास्टिकचे पाइप, सगळंच नवीन.

आता ती ओल. नवा कोबा झाला, वॉटरप्रूफिंग झालं, नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड चिंध्या आणि प्लास्टिक कोंबून बंद केलं आणि ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. काकूंकडे दिवसातून चार वेळा जाऊन छत बघत होते, थेंब नाही. टाइल्स बसल्या, पाणी ट्रॅपकडे वाहतं का ते गोटी सोडून बघितलं, सगळं झकास. तीन आठवड्यांनी काकूंचा फोन, बाथरूमच्या छताला ताटाएवढा डाग. भाऊजी लगेच हजर. "७२ तास ठेवायला हवं होतं. कंत्राटदार असता तर ठेवलं असतं." सगळ्या नातेवाइकांत हेच फिरलं, की वहिनींनी पैसे वाचवायला घाई केली.

मी काय केलं ते नीट वाचा, कारण तुम्हाला उपयोगी पडेल ते हेच. आधी नळाच्या पाइपांवरचा संशय फेडला. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघितलं, काटा हलत नव्हता. मग ट्रॅप बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी भरलं आणि दोन दिवस बाथरूम वापरलं नाही. डाग सुकत गेला. म्हणजे वॉटरप्रूफिंग ठीक. मग ट्रॅप उघडला आणि कपड्यांची नीळ घातलेलं पाणी, तीन बादल्या, सावकाश ट्रॅपमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या छतावर निळा डाग. मला इतका आनंद झाला की काकू दचकल्याच.

गळत होता तो ट्रॅपच्या पुढचा, कोब्याखालचा सांधा. ट्रॅपचा नवा पाइप पीव्हीसीचा, डक्टकडे, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेकडे, जाणारा तुकडा जुना, बिडाचा. प्लंबरने दोघांच्या मध्ये नुसतं सिमेंट थापलं होतं. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. गरम-गार पाण्याने पाइप जरासा हलला की सांधा सुटतो. आणि ट्रॅपचं तोंडच बंद करून पाणी तुंबवलं तर त्या सांध्यापर्यंत पाणी जातच नाही, मग ७२ तास ठेवा नाहीतर चातुर्मासभर ठेवा! तिथली चाचणी वेगळी करायची असते. डक्टकडचं टोक बंद करून पाइपात पाणी भरायचं, ते कोबा घालण्याच्या आधी, सगळे सांधे उघडे असताना. हे मला कोणी सांगितलं नाही. इंजिनिअर भाऊजींनीही नाही. आणि तो प्लंबर पाठवला होता कोणी? त्यांनीच. "माझा खात्रीचा माणूस आहे, वहिनी."

कोपऱ्यातल्या चार टाइल्स फोडल्या, बिडाचा तुकडा काढून डक्टपर्यंत सलग पीव्हीसी नेला, ११ हजार गेले. काकूंच्या छताचा रंग मी स्वतः लावून दिला. तेवढं केलंच पाहिजे, खालच्यांशी पुढची वीस वर्षं काढायची असतात.

आता प्रामाणिकपणे, तो सांधा झाकला त्या दिवशी मी घरी नव्हते. टाइल्स बघायला दुकानात गेले होते. कंत्राटदार न लावणं म्हणजे तिथे ठाण मांडून बसणं, आणि मी एक दिवस उठले. तुम्हाला नोकरीतून दीड महिना मोकळा मिळणार नसेल तर लावा कंत्राटदार, मी काही म्हणणार नाही. झाकायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक सांध्याचे मोजपट्टी धरून फोटो मात्र घ्याच. पुढे टॉवेलची दांडी ठोकतानाही कामाला येतात.

आणखी काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. इमारत लोड बेअरिंगची, म्हणजे भार भिंतींवरच पेलणारी, असेल तर स्वयंपाकघर मोठं करण्यासाठी भिंतीला हात लावू नका, कोणी काहीही सांगो. डक्टमधले जुने राखाडी सिमेंटचे पाइप अॅस्बेस्टॉसचे असू शकतात, ते कोरडे कापू नका, धूळ वाईट असते. इलेक्ट्रिकचं काम स्वतः करू नका. गिझरला स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), यात कंजुषी नाही. सोसायटीचं लेखी पत्र घ्या, राडारोड्याचा टेम्पो आधी ठरवा, गोणी जिन्यात ठेवल्या की सेक्रेटरी दुसऱ्या मिनिटाला वर येतात. टाइल्सच्या फटींत ग्राउट भरणं आणि रंग मात्र खुशाल स्वतः करा. टाइल बसल्यावर नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर कारागीर समोर असतानाच काढायला लावा.

खर्च विचारला होतात. माझे स्वयंपाकघर आणि एक बाथरूम मिळून २ लाख ८५ हजार, वर ते ११ हजार. २०१९ चे भाव आहेत, आज तेवढ्यात होणार नाही. टाइल्सची दोन खोकी जास्त घ्या, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही. माझ्या पलंगाखाली अजून दीड खोकं आहे.