नोट्स फुकट द्यायच्या आहेत, पण क्लासवाल्याने विकल्या तर?

प्रश्न : सर, मी खासगी कॉलेजात बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवते. तीन वर्षं खपून हिंदीतून नोट्स केल्या. एका प्रकरणातली उदाहरणं अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअरमधली (त्यांच्या कोर्सचं फुकट ऑनलाइन साहित्य) आहेत, आकडे बदलून घेतली. मुलांना सगळं फुकट द्यायचंय. पण सासरे म्हणतात, भंवरकुआंचा एखादा क्लासवाला छापून विकेल. खाली ‘सर्व हक्क राखीव’ लिहू का?
— एक प्राध्यापिका, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, ते न लिहिताही हक्क राखीवच असतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची अट नाही. लिहिलं की हक्क आला. कुलूप आधीच लागलेलं आहे, तुम्हाला ते उघडायचंय. नुसती पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर मुलं वाचतील, पण शेजारच्या कॉलेजातल्या बाईंना त्यात बदल करून शिकवायची परवानगी त्यातून मिळत नाही. ती लिहून द्यावी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने त्यासाठीच आहेत; पहिले २००२ साली आले, आता ४.० आवृत्ती चालते.

सासऱ्यांची भीती खोटी नाही. माझ्या सायक्लोस्टाइल नोट्स एकदा खजुरी बाजारात दुसऱ्याच्याच नावाने विकायला होत्या. माझ्याच कशावरून? तिसऱ्या गणिताचं उत्तर मी चुकवलं होतं. तिथेही तेच चुकलेलं!

तरी मी तुम्हाला विक्रीवर बंदी घाला म्हणणार नाही. ‘नाव द्या, आणि बदल केलात तर तोही याच परवान्याखाली द्या’ एवढ्याच अटी असलेला परवाना घ्या. छापणाऱ्याला तुमचं नाव आणि परवाना छापावाच लागेल, आणि नाव दिसलं की पोरं फुकटची प्रत शोधून काढतात. पोरांना कमी समजू नका.

एमआयटीच्या प्रकरणात मात्र निवड तुमच्या हातात नाही. त्यांच्या साहित्याला नाव द्या, व्यापारी वापर नको, बदललेलं त्याच अटींवर द्या, असा परवाना आहे. उदाहरणं बदलून घेतलीत, म्हणजे त्या प्रकरणाला तीच अट लागू. मूळ कोर्सचं आणि शिकवणाऱ्याचं नाव, दुवा, आणि ‘बदल केले आहेत’ ही ओळ त्याच पानावर टाका. किंवा उदाहरणं सरळ स्वतःची रचा. राजवाड्याच्या चौकातल्या रिक्षा मोजायला कोण अडवतंय?

त्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने नोकरी देणारा असतो. प्राचार्यांची लेखी संमती घ्या, तोंडी नको. आणि विचार पक्का करा, कारण दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

एक राहिलं. हिंदी टाइप क्रुतिदेवमध्ये केलंय का? तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर सगळी इंग्रजी खिचडी दिसते. युनिकोडमध्ये बदला आणि पीडीएफबरोबर वर्डची फाइलही द्या.