हक्कसोडपत्रावर बहिणीने सही करावी का?
गणपतीला राजापूरला माहेरी आल्यावर भावाने हक्कसोडपत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, पुढे ठेवले, सही करावी का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, सणाच्या दिवसांत मुळीच करू नये, कारण घर माणसांनी भरलेले असताना ‘माहेर तुटेल’ या धास्तीने दिलेल्या संमतीला मी संमती मानत नाही.

२० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातील मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. भाऊ वर्षानुवर्षे बागेतल्या कलमांची फवारणी, राखण आणि गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, डागडुजी करतो. त्याचा मोबदला त्याला उत्पन्नातून अवश्य मिळावा, पण त्यापायी आपली मालकी जाऊ नये. आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्कातील बदलांची नोंद) काढून वकिलाला दाखवा. एकदा नोंदणी झाली, की पत्र रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. माझ्या आत्याने अशीच सही केली होती. पुढे रस्त्यासाठी जमीन गेली, तेव्हा मोबदल्याच्या यादीत तिचे नाव नव्हते.