लग्नाआधीचा करार लग्नाआधीच

गोव्यातल्या नवरा-बायकोच्या मालमत्तेबद्दल तोच गोंधळ पुन्हा पुन्हा पत्रांतून येतो, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे, हप्तेही मीच भरले. बायकोच्या सहीशिवाय विकता येईल का? (म्हापसा)

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नाही. गोव्याच्या कायद्यात अशा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी-निम्मी, नाव कुणाचंही असो.

आम्ही हिंदू. पोर्तुगीज कायदा ख्रिश्चनांपुरताच ना? (फोंडा)

नाही. १८६७ ची ती पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून आहे, मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती चालू ठेवली आणि निम्म्या वाट्याचा नियम सगळ्या धर्मांना लागू आहे. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका.

लग्नाला चार वर्षं झाली. नवऱ्याचं धंद्यातलं कर्ज वाढतंय. एजंट म्हणतो, पाचशेच्या स्टँपपेपरवर ‘मालमत्ता आपापली’ असं लिहून नोटरी केलं की झालं. सोबत मसुदा पाठवते. (मडगाव)

सही करू नका. मसुद्याच्या दुसऱ्या पानावर ‘पत्नी आपला हिस्सा स्वखुशीने सोडत आहे’ असं वाक्य आहे, ते वाचलंत का? तुम्हाला कर्जातून वाचवायला निघालेला कागद तुमचाच अर्धा वाटा काढून घेतोय!

मालमत्ता सगळी सामाईक ठेवायची, फक्त लग्नानंतर कमावलेली सामाईक ठेवायची की सगळीच वेगळी, हे कायदा ठरवू देतो. पण लग्नाआधी, आणि रीतसर नोंदवलेल्या दस्तानेच. काहीच ठरवलं नाही, तर सगळं सामाईक. एकदा लग्न लागलं की दोघं कितीही राजी असली तरी ही व्यवस्था बदलत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर घरच्यांच्या दबावाखाली किती बायकांनी निम्मा वाटा लिहून दिला असता! हे माहीत असूनही असे मसुदे विकणाऱ्यांची मला चीड येते.

तुमच्यासाठी वाट आहे, ती कोर्टातून. नवऱ्याच्या गैरकारभारामुळे आपला वाटा बुडतोय हे दाखवून बायकोला मालमत्ता वेगळी करून मागता येते. कर्जाची कागदपत्रं आणि बँकेची पत्रं घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.

आणि ज्यांचं लग्न ठरलंय त्यांना कळकळीने सांगते. हॉल वर्षभर आधी बुक होतो आणि कराराचा फोन मात्र दुसऱ्या सहीच्या आदल्या दिवशी येतो (गोव्यात लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत होते: पहिली सही लग्नाचा इरादा कळवायची, दुसरी लग्न पक्कं करायची). पहिल्या सहीला जाण्यापूर्वीच हे बोलून घ्या.

मुलगी सावंतवाडीची, जावई पेडण्याचा. पुण्यातलं घर तिला बक्षीस दिलं तर निम्मं जावयाचं होईल का? (सावंतवाडी)

होऊ शकतं. गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या गोव्याबाहेरच्या, भारतातल्या मालमत्तेलाही हीच संहिता लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वारसाहक्काच्या प्रकरणात सांगितलंय. घर सामाईक होऊ नये, अशी अट बक्षीसपत्रात घालता येते. पण मुलीचा अधिवास कुठला आणि लग्न कुठे नोंदलं, यावर बरंच अवलंबून आहे. पुण्याच्या वकिलाने केलेला मसुदा गोव्यातल्या वकिलाला दाखवल्याशिवाय नोंदवू नका.

दुकानाचं भाडं कुणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं? (वास्को)

सामाईक मालमत्ता असेल तर दोघांच्या, निम्मं-निम्मं. पगार मात्र ज्याचा त्याच्या. सीएला लग्न गोव्याच्या कायद्याखाली झालंय हे आधी सांगा; बाहेरचे सीए बहुधा विचारत नाहीत.