मैदानाकडे निघालेल्या नव्या चॅप्लेनला

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. सोलापुरातल्या एका फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी ‘मुलांसाठी येत जा’ असे म्हणताच तू सामन्याआधीच्या पाच मिनिटांच्या बोधाचे मुद्दे काढून मला पाठवलेस, यावरून तुझी तळमळ दिसते. मुद्दे चांगले आहेत, पण ते सध्या वहीतच राहू देत. चॅप्लेनचे, म्हणजे संघाच्या सोबतीला राहून खेळाडूंची विचारपूस करणाऱ्या पाळकाचे, खरे काम संघाची यादी लागते त्या दिवशी सुरू होते, आणि ज्याचे नाव त्या यादीत नसते त्याच्यापासून सुरू होते.

फुटबॉल आणि चर्च यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमधला एव्हर्टन क्लब 1878 मध्ये सेंट डॉमिंगो या मेथडिस्ट चर्चमधून उभा राहिला, साउथॅम्प्टन 1885 मध्ये सेंट मेरीज चर्चच्या तरुण मंडळातून, आणि ग्लासगोचा सेल्टिक हा क्लब तर ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मबंधूंनी 1887 मध्ये गरिबांच्या मुलांना जेवू घालण्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून काढला. पुढे हे क्लब मोठे होऊन चर्चपासून सुटे झाले, आणि पाळक तिथे परतला तो पाहुणा म्हणून. जॉन बॉयर्स हे बॅप्टिस्ट पाळक 1977 मध्ये वॉटफर्ड या इंग्लिश क्लबचे चॅप्लेन झाले. 1991 मध्ये त्यांनी या कामासाठी संस्था उभारली, जी आज स्पोर्ट्स चॅप्लेन्सी यूके या नावाने चालते, आणि 1992 पासून ते मँचेस्टर युनायटेडमध्ये होते. या मंडळींनी स्वतःला घालून घेतलेला दंडक तू पाठच कर: विचारपूस आपण होऊन करायची, श्रद्धेचे बोलणे मात्र समोरच्याने विषय काढल्यावरच.

आपल्या शहरात हा दंडक अधिकच काटेकोरपणे पाळावा लागेल. तुझ्या संघात घरी तेलुगू बोलणारी विणकरांची मुले असतील, कन्नड बोलणारी असतील, उर्दू बोलणारी असतील. ख्रिस्ती एखाददुसराच असेल. तू पहिल्याच दिवशी शुभवर्तमान सांगू लागलास, तर आपल्या मुलाला फुटबॉलच्या नावाखाली धर्म शिकवला जात आहे असे एखाद्या वडिलांना वाटेल, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्याउलट, रमजानमध्ये रोजा धरलेल्या मुलाला उन्हात पळवू नये, सराव इफ्तारनंतर ठेवता येईल का, एवढे प्रशिक्षकांना विचारणारा माणूस तू झालास, तर प्रभूची सेवाच झाली.

जखमी मुलांकडे विशेष लक्ष दे. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, फाटला की शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतायला बहुधा नऊ महिने किंवा त्याहूनही अधिक काळ जातो, आणि एवढ्या काळात संघ त्याच्याशिवाय खेळायला शिकून घेतो. असा एक मुलगा मी जवळून पाहिला आहे. सकाळच्या सरावाला तो वेळेवर येई, खेळायचे नसतानाही बूट घालून नाडी घट्ट बांधी, आणि बाकीचे धावू लागले की टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून ती नाडी सावकाश सोडी. अशा मुलाजवळ बसताना देवाची काहीतरी योजना असेल असे चुकूनही बोलू नकोस. बायबलमधल्या संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे वागणे उत्तम होते. ते कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले. तू गुडघ्याविषयी विचार, फिजिओथेरपीचा खर्च कोण करते ते विचार, घरी काय म्हणतात ते विचार, आणि पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलेले लक्षात ठेवून पुन्हा जा.

17 मार्च 2012 रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा मैदानातच कोसळला आणि त्याचे हृदय 78 मिनिटे बंद होते. प्रेक्षकांतून धावून आलेल्या हृदयतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांच्या पथकाने त्याला वाचवले. बोल्टनचे चॅप्लेन फिल मेसन त्या दिवसांत त्याच्या कुटुंबाला धीर देत होते. अशा घडीला कुटुंबाने एखाद्याला जवळ येऊ द्यावे, यासाठी तो आधीपासून ओळखीचा असावा लागतो. म्हणूनच काहीच घडत नसलेल्या साध्या सरावालाही तू नेमाने जात राहा.

आता प्रार्थनेविषयी. कोणी मागितली तर अवश्य कर, पण विजय मागू नकोस, कारण कोल्हापूरहून आलेल्या संघातही कोणीतरी तितक्याच मनापासून मागत असते. दुखापत होऊ नये, पंचांशी वागणे नीट असावे, हरल्यावर एकमेकांना दोष देऊ नये, एवढे मागणे पुरेसे आहे. प्रार्थना एका बाजूला जाऊन करावी, म्हणजे ज्याला यायचे नाही त्याला सर्वांदेखत उठून जावे लागणार नाही. एखादा उत्साही ख्रिस्ती मुलगा जर्सीखालच्या बनियनवर बायबलचे वचन लिहू का असे विचारील; खेळाच्या चौथ्या नियमानुसार धार्मिक मजकूर दाखवता येत नाही, हे त्याला प्रेमाने सांग.

सर्वांत अवघड भाग गुपितांचा आहे. कोणाचा गुडघा दुखतो, कोण रात्री उशिरा फिरतो, कोणाला दुसऱ्या संघाचे बोलावणे आले आहे, हे प्रशिक्षक तुला सहज विचारतील. सांगू नकोस. एकदा तुझ्याकडून बातमी गेली की मुले तुझ्यासमोर फक्त हवापाण्याचे बोलतील. मात्र कोणा अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची भीती असल्याचे कळले, तर ते गुपित राहू शकत नाही: 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे तुझ्यावर बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलांना पहिल्याच भेटीत सांगून टाक. मुलांशी नेहमी मैदानावर, चार लोकांना दिसेल अशा ठिकाणी बोल. बंद खोलीत एकट्याला भेटू नकोस, कितीही निकड वाटली तरी.

येत्या आठवड्यात प्रशिक्षकांना भेटून हे सारे एका पानावर लिहून दे: तू कधी येणार, काय करणार, काय करणार नाहीस. पालकांसाठी तेच पान मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही करून घे, आणि छापण्याआधी मला दाखव.

तुझा,
पाळककाका