मुदत ठेवीच्या पैशांतून मॉडेल रेल्वे मांडावी का?

नाशिकरोडचे एक निवृत्त वाचक लिहितात की, मुलीच्या लग्नानंतर त्यांच्या जेल रोडवरील सदनिकेतील एक खोली मोकळी झाली आहे. पुढील महिन्यात ३ लाखांची मुदत ठेव पूर्ण होत असून त्यातील २ लाख ४० हजार खर्चून आठ बाय चार फुटांच्या फळीवर, एचओ मापात (खऱ्या रेल्वेच्या ८७ व्या भागाएवढ्या आकारात), कसारा घाट उभारण्याचा त्यांचा मानस आहे. पैसे कमी पडल्यास ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील १५ लाखांचे खाते बंद करावे का, आणि आयात इंजिनांच्या किमती वाढतच असल्याने ही गुंतवणूक मानता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आदरणीय महोदय,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण उरलेला हिशोब त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. ही गुंतवणूक नव्हे. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आले. त्यावर कर, टपालखर्च आणि कार्डाचे परकीय चलन शुल्क वेगळे. नवे इंजिन महागले ते अशा कारणांनी, आणि त्यामुळे आपल्या कपाटातील जुन्या इंजिनाला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. गेलेला पैसा गेला असे धरूनच हा छंद सुरू करावा. तरीही तो सुरू करू नये, असे मात्र मी म्हणणार नाही.

बचत योजनेच्या खात्याला हात लावू नये. ते उघडून आपल्याला चौदा महिने झाले आहेत. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खाते बंद केल्यास मुद्दलातून दीड टक्का कापला जातो, म्हणजे २२,५०० रुपये जातात आणि ८.२ टक्क्यांचे व्याजही थांबते. मुदत ठेवीचे म्हणाल, तर आपल्या पत्रावरून तीच घरातील अडीअडचणीची एकमेव रक्कम दिसते. त्यातून २ लाख ४० हजार काढल्यावर उरणारे ६०,००० दोन महिन्यांच्या घरखर्चालाही पुरणार नाहीत. ती पुन्हा ठेवीतच राहू द्यावी.

मग पैसा कोठून आणावा? निवृत्तिवेतन ३४,००० आणि योजनेचे व्याज महिन्याला १०,२५० धरून ४४,२५० येतात. त्यातून घरखर्चाचे ३२,०००, आरोग्य विम्याच्या ४०,००० च्या वार्षिक हप्त्याचा मासिक वाटा आणि म्युच्युअल फंडातील ३,००० वजा केल्यास सुमारे ५,९०० रुपये शिल्लक राहतात. त्यातील ४,००० छंदाला द्यावेत. व्याज तिमाहीला ३०,७५० रुपये जमा होते, तेव्हाच त्यातील १२,००० वेगळ्या बचत खात्यात वळवावेत आणि खरेदी त्या खात्यातूनच करावी. या गतीने पाच वर्षांत बरोबर २ लाख ४० हजारच खर्च होतील, पण मुद्दल जागेवर राहील.

ही गती केवळ पैशांसाठी सुचवत नाही. आपला आराखडा मी फूटपट्टी घेऊन तपासला. (नोकरीत असताना पंचवटी एक्सप्रेसने बरीच वर्षे तो घाट उतरलो आहे, त्यामुळे मोह आवरला नाही.) घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा, तर एचओ मापात सुमारे ८ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे चढायला तीन मीटर आणि उतरायला तीन मीटर. आपल्या फळीवर बसणारा लंबगोल जेमतेम पावणेसहा मीटरचा होतो. म्हणजे खऱ्या चढाचा घाट या फळीवर मावतच नाही, आणि सर्व साहित्य एकदम आणले असते तर हे फळी ठोकल्यावर कळले असते. एचओ म्हणजे १:८७; जुन्या पद्धतीचा सवाएकवीस मीटरचा डबा त्यात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो आणि वीस डब्यांची गाडी जवळजवळ पाच मीटरची, जी आपल्या दहा बाय अकराच्या खोलीत कोठेही सरळ उभी राहणार नाही. एन माप, म्हणजे १:१६०, घेतले तर तीच गाडी पावणेतीन मीटरपेक्षा थोडी कमी भरते. भारतीय धाटणीची इंजिने आणि डबे मात्र एन मापात मिळणे अवघड. एचओत ती मिळतात, पण सोळा पूर्णांक पाच मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, तर आपली १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज त्या मापात एकोणीस मिलिमीटरहून अधिक हवी. आपली नजर रेल्वेत मुरलेली असेल, तर ही तफावत रोज खुपेल. म्हणून मापाचा निर्णय पैसे देण्यापूर्वी, पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून करावा.

पहिल्या दोन तिमाहींचे २४,००० एका प्राथमिक संचासाठी राखावेत: एक इंजिन, तीन-चार डबे, रुळांचा लंबगोल आणि साधा डीसी नियंत्रक. आपल्या यादीतील डिजिटल नियंत्रण, म्हणजे एकाच रुळावरील अनेक इंजिने वेगवेगळी चालवण्याची सोय, एका गाडीला लागत नाही. इंजिन तेवढे पुढे डिकोडर (डिजिटल आज्ञा समजणारी छोटी चकती) बसवता येईल असे निवडावे. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्यावेत, कारण पोलादी रूळ पावसाळ्यात गंजतात. फळी सुताराकडून दोन तुकड्यांत करून घ्यावी, म्हणजे खोली पाहुण्यांना द्यावी लागली तर ती उचलून ठेवता येईल. सहा महिन्यांनी संध्याकाळी दिवा लावून आपण त्या खोलीत बसत असाल, तर पुढील तिमाही खर्चावी. नसाल, तर ते १२,००० म्युच्युअल फंडात टाकावेत.

प्रत्येक वस्तूची तारीख आणि किंमत एका वहीत लिहून ठेवावी आणि ती वही विम्याच्या कागदांसोबत ठेवून पत्नीला दाखवून ठेवावी. अशा संग्रहांची किंमत घरच्यांना ठाऊक नसते, आणि मग ते भंगारवाल्याकडे जातात.