वडिलांच्या यकृतात पू झालाय, बेळगावचे डॉक्टर नळी घालूया म्हणतात. पोट फाडावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून कातडीतून नळी गळवात सोडतात. पू पिशवीत उतरतो. गळू पोटात फुटलं किंवा नळीनं पू निघेना, तरच ऑपरेशन.

खानापूरला घरी आणलंत तर नळीला जपा. पिशवी कमरेखाली, नळीला पीळ नको, रोज किती मिली आलं ते वहीत लिहा. दिवसाला १०-२० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर तपासून काढतात. थंडी-ताप, धाप, नळीतून रक्त किंवा पोट कडक झालं तर मध्यरात्रीही बेळगाव गाठा, सकाळची वाट बघू नका.

गळू अमिबा या जंतूमुळे झालं असेल तर मेट्रोनिडॅझोल या औषधानंतर आतड्यातल्या अमिबासाठी वेगळं औषध लागतं, आठवणीनं विचारा. दारू बंद, जत्रेलासुद्धा नाही.